बाप्तिस्म्याचं मीठ

ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरावर राबणारा एक म्हातारा आमच्या ख्रिस्ती देवळात बाप्तिस्म्याचं मीठ आणायचा. पाद्रीबाबांनी चिमूटभर मीठ बाळाच्या जिभेवर ठेवलं की हा वाकून बघे. बाळाने तोंड वाकडं केलं नाही, तर जाहीर करी, "हा पाद्री होणार." मग दर रविवारी त्या घरी जाऊन आठवण करून देई. त्याच्या हिशेबाने आमच्या गावातून चाळीस पाद्री आणि दीड बिशप निघायचे होते. भात लावायला कोणी उरलंच नसतं. गंमत म्हणजे दोघं खरोखर पाद्री झाले.

एकदा एक विधवा आपलं एकुलतं तान्हं घेऊन आली. पाद्री लग्न करत नाही, घरही सोडतो; नवरा गेलाच होता, हाही देवाला दिला तर घरात ती एकटीच उरणार होती. म्हातारा वाकला तसं तिने बाळाला घट्ट धरलं. बाळाने तर मीठ अशा मिटक्या मारत चाखलं की अख्खं देऊळ दणाणलं.

"तोंड वाकडं केलंन," म्हातारा म्हणाला. "हा मिठागरावर येणार."

बाहेर मी त्याला गाठलं. "काका, देवळात खोटं बोललात?"

"देवाला पाहिजे असंल तर मोठा झाल्यावर त्यालाच हाक मारंल," तो म्हणाला. "आज त्याच्या आईला निजू दे."