बांगडीवालीचा उजवा हात

"कॅन्सर आहे. पण वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. यवतमाळच्या दवाखान्यात मी त्यांच्यासमोर बसले होते. माझी बायोप्सी झाली होती, म्हणजे उजव्या स्तनातल्या गाठीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासला होता. आता ऑपरेशन, मग किमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायचं कॅन्सरचं औषध. स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील, असं ते म्हणाले. मी एवढंच विचारलं, "माझा हात राहील ना?"

मी नसीम. नेरच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण शाळा मराठी आणि गिऱ्हाईकही मराठी, म्हणून हे मराठीत लिहिते. बांगडी भरताना उजव्या हाताने समोरच्या बाईचा पंजा दाबून लहान करायचा आणि डाव्याने बांगडी वर सरकवायची. ही करामत सासूबाईंनी शिकवली. उजवा हात गेला की बाजारातली नसीम आपा संपली, या भीतीपुढे मला कॅन्सरचीही भीती वाटेना.

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा छातीला पट्टी होती आणि कुशीतून एक नळी बाटलीत गेलेली. तिला ड्रेन म्हणतात. जखमेत साचणारं पाणी तिच्यातून बाहेर येतं. ती बाटली बघायला वंदना सिस्टर आल्या. माझी नजर सवयीने आधी मनगटावर गेली. मनगटं मोकळी. हात सव्वादोनच्या मापाच्या बांगडीचा, हाडं मऊ. मी तसं म्हणाले तर त्या खळखळून हसल्या. "डूटीवर बांगडी चालत नाही आपा, तिच्याखाली जंतू बसतात."

मग त्यांनी सांगितलं की यापुढे उजव्या हातात सुई नको, बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगडीही नको. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर जायला वाट कमी पडते आणि हात सुजू शकतो. त्याला लिम्फेडेमा म्हणतात. बांगडीवालीला हे ऐकवलं! मी भिंतीकडे तोंड करून रडले.

सिस्टर "रडू नका" म्हणाल्या नाहीत. खाटेवर बसल्या आणि आपला पंजा माझ्या हातात दिला. "बांगडी कशी भरता? हळूच करून दाखवा मले."

मी दाबायला गेले तर काखेत कळ आली आणि हात खाली पडला.

"पाह्यलं? तुमी निस्त्या अंगठ्यानं नाही दाबत, पार काखेतून जोर लावून राह्यल्या," त्या म्हणाल्या. "डाव्यानं दाबा ना. उजवा निस्ता बांगडी सरकवंल. डॉक्टरले विचारतो अन् शिकू आपण."

इतकी वर्षं हजारो हात दाबले, पण माझा जोर कुठून येतो हे मला स्वतःला माहीत नव्हतं. ते या बाईने एका दाबण्यात ओळखलं. मी रडायचं विसरले.

डॉक्टरांनी होकार दिला आणि व्यायाम सुरू झाला. भिंतीला बोटं लावायची आणि एकेक करत वर चढवायची. खांद्यापर्यंत जातानाच घाम फुटायचा.

किमोत केस गेले, तोंड आलं, पाणीही कडू लागायचं. डाव्या हाताच्या शिरा तर लपूनच बसल्या. सिस्टर हात कोमट कपड्यात गुंडाळायच्या आणि नेरच्या बाजाराचं विचारायच्या. "यंदा कोणता रंग चालून राह्यला, आपा?" मी रंग सांगेपर्यंत सुई आत गेलेली असायची. अहो, हीच तर माझी युक्ती! नव्या नवरीला सासरचं गाव विचारायचं आणि ती लाजली की बांगडी पंजाच्या हाडावरून सरकवायची. पण मी काच भरते. सिस्टर माणसाला जगवायचं औषध भरत होत्या. आणि दिवसभर खाटेखाटेवर हेच चालायचं, तितक्याच मऊ हाताने. मी थक्क होऊन बघत राहायची.

माझ्यासारखी जी कोणी हे वाचत असेल तिला सांगते, तुम्ही काय काम करता ते सिस्टरला नक्की सांगा. त्यावरून त्या तुमचा हात सांभाळतात.

घरी सराव केला तो आमच्या मियाँच्या पंजावर. त्यांची बोंबाबोंब ऐकून शेजारणी दारात जमल्या. काच पुष्कळ फुटली. उजव्या हाताला ओरखडा नको म्हणून सिस्टरने हातमोजा घालायला लावला होता, तो घालूनच शिकले.

पुढे उपचार संपले. मी दुकानात बसू लागले, पण गिऱ्हाइकाचा हात धरायचा धीर होईना. बांगड्या मियाँच भरायचे. एक दिवस वंदना सिस्टर दुकानात आल्या. भाचीचं लग्न होतं.

"तुमीच भरा आपा. परवा डूटीवर जातानी उतरवाच लागते, पण आज पाह्यजेत."

मी त्यांचा पंजा डाव्या हातात घेतला. तो ताठ झाला होता. इतरांना धीर देणारी बाई चक्क घाबरली होती! "हात ढिला सोडा सिस्टर," मी म्हणाले, "नवरदेव कोणत्या गावचा?" त्या सांगू लागल्या आणि हिरवी बांगडी हाडावरून अलगद मनगटात गेली. मग दुसरी, तिसरी. दोन्ही हात भरले, एकही फुटली नाही.

मला वाटलं, आता त्या हात हलवून बांगड्या वाजवतील, सगळ्याच जणी वाजवतात. पण त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि हातमोजा काढून मनगटापासून वरपर्यंत अंगठ्याने दाबत गेल्या. त्यांच्या बांगड्या किणकिणत होत्या आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"सूज नाही, आपा," त्या म्हणाल्या.