एक हिवाळा बघू दे

इथे जर्मनीत, बॉनला, सकाळचा चहा गाळत होते, तेव्हा न्युरेम्बर्गहून ताईचा फोन आला. "अगं, हे गेले..." पुढे कितीतरी वेळ नुसतं रडणं. मग म्हणाली, "छातीत दुखतंय म्हणत होते. म्हटलं, हाउसआर्त्स्टकडे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, वेळ घेते. तर म्हणाले, छे, आठवडाभर बघू दे." मला रडता रडता भावोजींचा राग आला. अजूनही येतो.

भावोजी मूळचे सोलापूरचे, जुन्या इमारतींची मजबुती तपासणारे इंजिनियर. लहानपणी विजापूरचे घुमट पाहिले आणि ते वेड डोक्यातून कधी उतरलंच नाही. सुट्टी लागली की स्वारी गाडी काढून बाल्कनात. ऑटोमन काळातले पूल, मशिदी, हमाम म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरं बघत हिंडायची. ताई समुद्रकिनारा मागायची, तिला घुमट मिळायचा! भिंतीशी ओळंबा, दोरीला लोंबणारं ते वजन, सोडला की तो पुरता थांबेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नियम. घरात तसबीर लावतानासुद्धा.

त्यांच्या ऑफिसातली एमिना उत्तर मॅसिडोनियाची. तिच्या गावात एक ऑटोमन हमाम कसाबसा तग धरून होता आणि नगरपालिकेला तिथे पार्किंग हवं होतं. तुर्कांचं ते, आपलं काय त्यात, असं गावातले बरेच जण म्हणत. भावोजी भडकायचे. "दगड इथल्या डोंगरातला, गवंडी इथले, आंघोळी केल्या यांच्याच पणज्यांनी. मग परकं कसं?" घुमट धोक्याचा नाही असं इंजिनियरने लिहून दिलं तर पाडणार नाही, असं पालिकेने कबूल केलं होतं. त्या उन्हाळ्यात एमिना आम्हा सगळ्यांना घेऊन गेली. घुमटाच्या भोकांतून कवडसे पडत होते, आणि त्यात भावोजी एका तड्याशी ओळंबा धरून बसलेले, लहान मुलासारखे खूश.

"पडत नाही हा," ते म्हणाले. एमिना आनंदून म्हणाली, "मग आजच लिहून द्या ना."

"छे, घाई नको. बर्फाचं वजन येऊ दे वर. एक हिवाळा बघू दे."

हिवाळा सरला. तडा केसभरही वाढला नाही. भावोजींनी अहवाल पाठवला, आणि उलट एमिनाकडून फोटो आला... सपाट जमीन, त्यावर ताजी खडी. पालिकेने तेवढी वाट पाहिली नव्हती. भावोजींनी ओळंबा आपल्या खोलीच्या दारात टांगला, तो पुन्हा कधी कामावर नेला नाही.

परवा ताईकडे गेले होते. एमिनाही भेटायला आली होती. त्या खोलीत शिरताना माझं डोकं ओळंब्याला लागलं. मी काही बोलणार, तोच ताईने सवयीने हात वर केला. "थांब, स्थिर होऊ दे."

तिघी उंबऱ्याशी गप्प उभ्या राहिलो. झोके लहान होत गेले, थांबले.

"त्या दिवशी यांचं ऐकायला नको होतं गं मी," ताई म्हणाली.