येतानाची फेरी

सोमवारी पाटील ड्युटीवर आले नाहीत. साडेआठला त्यांच्या मुलीचा फोन आला. पाटील पहाटे गेले होते.

कोपरखैरण्यातल्या आमच्या डायलिसिस सेंटरची व्हॅन ते चौदा वर्षं चालवत होते. मी तिथला ट्रान्सपोर्ट इन्चार्ज. पेशंटना घरून आणायचं आणि मशीनवरचे चार तास संपले की घरी सोडायचं, हे आमचं काम. पाटलांशी माझं दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं बोलणं होई. ते गेल्यावर ती वाक्यं मी आठवत बसू लागलो.

पंधरा दिवसांनी सेंटरच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. जुनी व्हॅन बदलायचीच होती. आता ऑटोमॅटिक घेऊ, म्हणाल्या. पाटलांसारखा हात परत मिळणार नाही, मग निदान क्लच-गिअरचं टेन्शन तरी नको. डीलरने आठवडाभर ट्रायलला गाडी दिली. पाटलांच्या जागी संगीता शिंदे आली होती. मूळची साताऱ्याकडची, आठ वर्षं स्कूल व्हॅन चालवलेली. डॉक्टरबाईंना वाटलं, ती खूश होईल. ती फक्त "बघू" म्हणाली.

आमच्या मापाच्या व्हॅनमध्ये जी ऑटोमॅटिक मिळत होती, तिचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलचाच असतो. फक्त क्लच दाबून गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना इंजिनाची ओढ क्षणभर सुटते आणि पुन्हा लागते. चांगला ड्रायव्हर डाव्या पायाने ती हलकेच सोडतो, हलकेच लावतो. पुढे स्पीडब्रेकर दिसला तर गिअर आधीच उतरवून ठेवतो. यंत्राला स्पीडब्रेकर दिसत नाही, आणि गिअर बदलताना हलका हिसका बसतो.

हे मला माहीत होतं. तरीही सोमवारी आणि मंगळवारी सकाळी पेशंट आणताना मी स्वतः गाडीत बसलो, आणि मला काही वावगं आढळलं नाही. पेशंटनी एसीचं कौतुक केलं. मी रिपोर्टमध्ये 'समाधानकारक' लिहिलं.

गुरुवारी हिराबाई आल्या नाहीत. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या हिराबाई कोळी, मासळी विकणाऱ्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत. एक खेप चुकली तर अंगात पाणी साठतं, दम लागतो. फोन उचलेनात. मी आणि संगीता जुनी व्हॅन घेऊन दिवाळ्याला गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. पाय सुजले होते.

"मी नाय येनार," त्या म्हणाल्या. "जाताना बरी हाय तुमची गारी. येताना जीव घेते."

मंगळवारी परतताना त्यांना दोनदा उलटी झाली होती. चारचौघांत झाली म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. आयुष्यभर होडीत बसलेल्या बाईला गाडी लागली, हे सांगायची त्यांना लाज वाटत होती.

माझी चूक तिथेच कळली. मी ट्रायल घेतली ती जातानाच्या फेरीची. येताना मी ऑफिसात होतो. डायलिसिसमध्ये दोन-तीन लिटर पाणी काढतात, बीपी उतरतं, माणूस गळून जातो. सकाळी जाणवतही नाही असा हिसका दुपारी त्यांना सोसत नाही.

"मावशी, आज ही जुनीच आहे. गिअर मीच बदलणार," संगीता म्हणाली. "उलटी झाली तर उद्यापासून मला मासे विकायला बसवा."

"तुला कोन घेल बसवून? भाव तरी करता येतो का?" हिराबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

दुपारी परतताना मी त्यांच्या शेजारी मागच्या सीटवर बसलो. वाशीचे सिग्नल, पाम बीच रोड, मग दिवाळ्याच्या गल्ल्या. हिराबाई बेलापूरपर्यंत झोपल्या.

शुक्रवारी डॉक्टरबाईंना मी माझा रिपोर्ट चुकल्याचं सांगितलं. त्यांना पटलं नाही.

"कदम, तुम्ही पाटलांसाठी रडताय. गाडीसाठी नाही."

"दोन्हीसाठी, मॅडम. पण हिराबाईंना उलटी पाटलांमुळे झाली नाही."

"संगीता उद्या सोडून गेली तर? ऑटोमॅटिक कुणीही चालवेल, सारखीच चालवेल."

"सारखीच चालवेल. संगीताच्या हातातही तशीच चालली, मॅडम. चांगल्या ड्रायव्हरला तिच्यात करण्यासारखं काही उरत नाही."

मी त्यांना एवढंच सुचवलं की आज दुपारच्या फेरीत ट्रायलच्या गाडीत मागच्या सीटवर बसून घरी जा. त्या सीवूड्सला राहतात. त्यांचा त्या दिवशी उपास होता, हे मला ठाऊक नव्हतं. नंतर संगीताने सांगितलं, की वाशीच्या तिसऱ्या सिग्नलला मॅडमनी पुढच्या सीटची दांडी धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही. शनिवारी नव्या गाडीच्या मागणीचा फॉर्म माझ्या टेबलावर परत आला. 'ऑटोमॅटिक' शब्दावर रेघ होती.

मॅन्युअल व्हॅन पुढच्या महिन्यात आली. कंपनीच्या साहेबांसाठी किंवा रोज एकट्याने चालवणाऱ्यासाठी मी आजही ऑटोमॅटिक सुचवीन. पण जिथे मागे बसणारा आजारी आहे, तिथे ट्रायल त्याच्या सीटवरून घ्यावी, आणि तो सगळ्यात थकलेला असेल त्या वेळी घ्यावी. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं.

हिराबाई मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात. संगीता गाडी चालवते. पाटील नाहीत.