कोपरासरांचा मार्टिन

कुठल्याही खोलीत शिरलं की माणूस आधी समोरच्याकडे बघतो. आमचे पीटीचे सर आधी कोपऱ्यांकडे बघायचे. वर्ग असो, लग्नाचा हॉल असो, नाहीतर फादरांचं ऑफिस, चारही कोपरे नजरेखालून गेल्याशिवाय त्यांच्या तोंडून नमस्कार निघत नसे. म्हणून ते कोपरासर. खरं आडनाव फक्त पगारपत्रकापुरतं होतं.

कोल्हापुरातली आमची शाळा फादर लोकांची. डॉमिनिकन पंथातल्या चार साधूंच्या नावांनी तिथे चार हाउस होती. डॉमिनिक हा पंथाचा संस्थापक, अल्बर्ट आणि थॉमस मोठे विद्वान. त्यांच्या बिल्ल्यांवर तारा, पुस्तक, सूर्य असली मानाची चिन्हं. चौथा मार्टिन, पेरू देशातल्या मठात झाडलोट आणि रोग्यांची सेवा करणारा. त्याच्या बिल्ल्यावर झाडू. मी या मार्टिनमध्ये, बाकीचे आम्हाला काय चिडवत असतील ते सांगायला नको. कोपरासर या मार्टिनचे हाउसमास्तर.

सर नेसरीकडच्या जैन शेतकरी घरातले. चर्चमध्ये प्रार्थनेला कधी बसले नसतील, पण मार्टिनवर त्यांचा भारी जीव. मठातले कपडे कुरतडणाऱ्या उंदरांना मार्टिनने मारू दिलं नाही, बागेत नेऊन खाऊ घातलं, ही कथा फादरांनी सांगितली तेव्हा सर म्हणाले म्हणे, "फादर, ह्यो तर आमच्यातलाच की." तेव्हापासून मार्टिनचा झाडू त्यांना पिंछीच वाटायचा, बसण्याआधी जीवजंतू हळूच बाजूला सारायला जैन मुनी वापरतात ती मोरपिसांची. हाउसचा नवा झेंडा रंगवून घ्यायला ते राजारामपुरीतल्या पेंटरकडे गेले आणि त्या झाडूचं इतक्या भक्तिभावाने वर्णन केलं, की पेंटरने मार्टिनच्या हातात चक्क मोरपिसांचा जुडगा दिला. फादरांनी झेंडा जवळ जाऊन न्याहाळला. मग म्हणाले, असू दे, मार्टिनला आवडेल. पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्याच झेंड्यामागून चाललो.

सातवीत मी हाउस बदलून मागितलं. बाबा शिरोलीच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला. काळ्या हातांचा बाप आणि छातीवर झाडू, एवढं एकदम मला पेलवत नव्हतं. आईकडून अर्ज लिहून घेतला आणि नेमका स्पोर्ट्सच्या दिवशी सरांना दिला. ते रागावले नाहीत. "सई करतो की," म्हणाले, "पण मैदान झाडून झाल्यावर." स्पोर्ट्सनंतर मैदान मार्टिन हाउसने झाडायचं, हा त्यांनीच पाडलेला रिवाज. पहिले आलो असू नाहीतर शेवटचे, बक्षिसं वाटून झाली की पहिला झाडू सर स्वतः उचलायचे.

मी रागारागाने मधलं मैदान झाडलं आणि अर्ज पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "मधलं कुणीबी झाडतंय, ते सगळ्यास्नी दिसतंय. कोपरं कुणाला दिसत न्हाईत, म्हणून ती आपली." मी परत गेले. पाण्याच्या टाकीमागे सर माझ्याशेजारी वाकून, मुंग्यांची रांग चुकवत झाडत होते. त्यांचेही हात काळे झाले होते. अर्जाचा विषय मी पुन्हा काढला नाही, आणि बाबांची लाज वाटणंही त्याच संध्याकाळी संपलं.

सर निवृत्त होऊन नेसरीला गेले. गेल्या वर्षी काही पालकांनी बिल्ल्यावरचा झाडू काढा म्हणून सह्या गोळा केल्या. माझी मुलगी तिथेच शिकते, त्यामुळे कागद माझ्याकडेही आला. मी सही न करता तडक नेसरी गाठली. सर खाटेवर होते, बोलताना धाप लागत होती. तुम्ही एक पत्र लिहा, शाळा तुमचं ऐकेल, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"बिल्ल्यावर झाडू ऱ्हाऊ दे न्हाय तर जाऊ दे, बाळ. मैदान कोण झाडतंय ते सांग."

ते काम शाळेने कधीच ठेक्याने देऊन टाकलं होतं.

झाडू गेला. आता बिल्ल्यावर गरुड आहे, त्याचा मार्टिनशी काय संबंध ते गरुडालाच ठाऊक. यंदाच्या स्पोर्ट्सनंतर मी ठेकेदाराकडच्या झाडणाऱ्या बाईंकडून झाडू मागून घेतला. दोन-चार जुने मार्टिनवाले पालक होते, तेही लाजत लाजत आले. ऊन उतरेपर्यंत आवरलं. तिथूनच सरांना फोन लावला आणि मैदान झाडल्याचं सांगितलं.

त्यांनी धाप आवरली. मग म्हणाले, "आन कोपरं?"

"व्हय सर."

"शाब्बास."

मी खोटं बोलले होते. टाकीमागचा कोपरा राहिला होता, आणि उद्या बघू म्हणून मी घरी आले होते. तो उद्या काही उगवला नाही. चौथ्या दिवशी सर गेल्याचा निरोप आला.

नेसरीहून परतताना मी घरी गेले नाही. शाळेच्या रखवालदाराकडून झाडू घेतला आणि टाकीमागे जाऊन वाकले. तिथे मुंग्यांची रांग होती. ती चुकवून कोपरा झाडला.