कमलिनीचं सोवळं

नऊवारी नेसवताना कमलिनीच्या ओठांत पिना धरलेल्या असत आणि त्या पिनांमधूनच ती बोले. "पोट आत घ्या. आणखी. बस. आता श्वास सोडा, पण सगळा नका सोडू." भोपाळच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी राणी झाले, कलावंतीण झाले, खाष्ट सासू झाले आणि गुडघे गेल्यावर नुसती खुर्चीत बसणारी आजीही झाले. पण दर वेळी रंगमंचावर पाऊल टाकताना माझी भिस्त पाठ केलेल्या संवादांवर कमी आणि तिनं खोचलेल्या काष्ट्यावर जास्त असे. तो काष्टा कधी सुटला नाही.

तिचे वडील नागपूरचे. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा सरकारी फायलींबरोबर नागपूरचे कारकूनही इकडे आले, त्यांतले ते एक. कमलिनी जन्मली ती इथेच. त्यामुळे तिच्या बोलण्यात नागपूर आणि भोपाळ एकाच ताटात वाढलेलं असतं. नवरा, अच्युतराव, साताऱ्याचे. यंत्रांच्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले आणि इथलेच झाले, भाषा मात्र साताऱ्याहून आणली तशीच जपली. "करून राहिली नाही गं, करते आहे," असं ते तिला लग्नापासून सांगत आलेत. तिचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही शुद्ध बोला. भाजी मी अशुद्धच करते, ती बरी खाऊन राहिले."

मी उभी हयात ग्रीनरूममध्ये काढली. तिथे लाज खुंटीला टांगूनच आत यावं लागतं. पडदा उघडायला चार मिनिटं उरलेली असताना कोण कुणाकडे बघतंय याचा विचार करायला वेळ नसतो. मंडळातल्या प्रत्येक बाईच्या पोटावरचे टाके, मांडीवरचे डाग, सुटलेली कंबर कमलिनीला ठाऊक होती आणि त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर गेलं नाही. पण ती स्वतःच्या अंगाबद्दलही कधी बोलत नसे. हे मात्र माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

यंदाच्या चैत्रात एका दुपारी अच्युतराव माझ्या दारात उभे राहिले. आमची घरं कोटरा सुल्तानाबादमध्ये पाठीला पाठ लावून आहेत, पण हा माणूस एकटा कधी येत नाही.

"बसा," मी म्हणाले.

ते बसले नाहीत. "ताई, कमल पुण्याला चालली आहे. आशयकडे. कायमची."

आशय म्हणजे त्यांचा मुलगा. नोकरीसाठी तिकडे राहतो.

"आणि तुम्ही?"

"मला विचारलेलंच नाही. मी इथेच राहावं असं तिनं गृहीत धरलंय." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "गेलं वर्षभर ती देवघराच्या खोलीत झोपते. जवळ गेलो की अंग चोरते. विचारलं की म्हणते, आता वय झालं. कारखान्यात मशीन बंद पडलं तर मी आवाजावरून ओळखायचो की बिघाड कुठे आहे. इथे आवाजच येत नाही. माझं काय चुकलं तेवढं तिला विचाराल का?"

चौसष्ट वर्षांच्या गृहस्थाला हे वाक्य बोलायला किती कष्ट पडले असतील. मी चहा टाकला. तो त्यांनी उभ्यानंच घेतला.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. पलंगावर मंडळाच्या साड्यांचे गठ्ठे लावलेले होते. तिनं एक माझ्यापुढे सरकवला.

"हे तुम्ही सांभाळा ताई. नेसवायला वैदेही शिकून राहिली आहे, पण ती निऱ्या फार सैल सोडते."

"आणि तू?"

"मी चालली. अबोलीनं खोली रिकामी करून ठेवली आहे." अबोली तिची सून.

ती उभीच होती. मी आल्यापासून ती एकदाही टेकली नव्हती. मग आठवलं, गेल्या काही महिन्यांत तिला बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. भोजपूरच्या सहलीला ती आली नाही. तालमीला आली तर भिंतीला टेकून उभी राही, चहाला नको म्हणे, पाण्यालाही नको म्हणे.

"कमल," मी म्हणाले, "बसायला त्रास होतो का तुला?"

ती साडीची घडी मोडून पुन्हा घालू लागली. रंगमंचावर समोरच्याला वाक्य आठवत नसेल तर एक तर पुढचं आपण बोलावं किंवा थांबावं. त्या दिवशी थांबणंच योग्य होतं.

"आतून वाळून गेली आहे मी," ती शेवटी म्हणाली. "पाळी जाऊन पाच वर्षं झाली. आधी नुसती खाज होती. मग आग. लघवीला गेलं की मिरची लागल्यासारखं. दर थोड्या दिवसांनी लघवीचं इन्फेक्शन, मग गोळ्या. पाणी कमी प्यायले तर जावं लागणार नाही म्हणून पाणीच सोडलं. आणि ह्यांच्याजवळ..." ती थांबली. "सुरी फिरवल्यासारखं होते, ताई. एकदा रक्त दिसलं. त्या दिवसापासून मी खोली बदलली."

"त्यांना सांगितलंस?"

"काय सांगू? नातू व्हायच्या वयात बाईनं हे बोलावं?"

"डॉक्टरांना?"

इथे तिनं जे सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मागच्या वैशाखात ती डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी मलम दिलं. नळीत भरून, झोपताना आत सोडायचं. पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. महिन्याभरात तिची आग निवली. ती बाजारात चालत जाऊ लागली, पाणी पिऊ लागली, फक्त जुन्या खोलीत परतायचा धीर अजून झाला नव्हता. मग भाद्रपद आला.

आम्ही ज्यांना गौरी म्हणतो त्यांना नागपूरकर महालक्ष्म्या म्हणतात. कमलिनीनं त्या माहेरहून आणलेल्या, आणि त्यांचं सोवळं कडक. स्वयंपाकाच्या पाण्याला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. कमलिनीनं विचार केला, हे बाईपणाचं औषध, त्याच जागी घालायचं, म्हणजे ते अंगात असणं जवळजवळ पाळी आल्यासारखंच. तिनं मलम कपाटात मागे ठेवून दिलं. महालक्ष्म्या झाल्या तर पितृपक्ष, मग नवरात्र, मग कार्तिकातली पहाटेची स्नानं. एकात एक सोवळं गुंतत गेलं. त्रास परत आला तेव्हा दिवाळी सरली होती.

"पुन्हा सुरू का नाही केलंस?"

"कोर्स तर पुरा झाला होता ना. तरी परत आलं. मी समजली, देवीनंच सांगितलं, आता पुरे. ते वय सरलं." ती फार शांतपणे बोलत होती. "मग इथे राहून यांना रोज तोंड चुकवण्यापेक्षा दूर गेलेलं काय वाईट?"

मी तिच्या पलंगावर, साड्यांच्या मधोमध, बसले. "मीही तेच वापरते," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी भलत्याच नाटकातलं वाक्य बोलले. "तुम्ही? तुम्हाला कशाला? उदयरावांना जाऊन इतकी वर्षं झाली."

"मला प्रयोग संपेपर्यंत खुर्चीत बसता यावं म्हणून. दर अंकानंतर मोरीकडे धावावं लागू नये म्हणून. अगं, ते माझ्या अंगासाठी आहे. नवऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?"

हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. जे नवऱ्यासाठी, ते नवऱ्यापासून दूर गेलं की संपलं, असा तिचा सरळ हिशोब होता. पुण्याच्या त्या रिकाम्या खोलीत आग तिच्याबरोबरच जाणार होती.

दुसऱ्या आठवड्यात मी तिला डॉक्टर मानसींकडे नेलं. गेली सहा वर्षं मी त्यांच्याकडेच जाते. रक्ताचं ऐकल्यावर त्यांनी आधी तपासणी केली, सोनोग्राफी करायला लावली. "पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी घरी बसून अंदाज बांधायचा नाही," असं त्यांनी तिला जरा दरडावूनच सांगितलं. छातीच्या कॅन्सरचं, गाठींचं सगळं विचारलं. तसं काही असतं तर औषधाचा वेगळा विचार करावा लागला असता. रिपोर्ट चांगले आले. आतलं अस्तर पातळ आणि कोरडं झालं होतं, रक्त त्यातूनच आलं होतं.

"पण कोर्स केला होता मी. तरी परत आलं, तर वाटलं देवीच पुरे म्हणून राहिली," कमलिनी म्हणाली.

"हा कोर्स नाहीच काकू. अँटिबायोटिक पाच दिवस घेतलं, जंतू मेले, काम खतम, तसं नाही हे. पाळी गेल्यावर शरीर इस्ट्रोजेन बनवायचं जवळजवळ बंद करतं, ते परत सुरू होत नाही. आपण त्या जागेपुरतं थोडंसं बाहेरून देतो. चष्म्यासारखं समजा. काढला की पुन्हा अंधुक."

"मग पाळी परत येणार का त्यानं?"

"नाही. इतक्या थोड्या औषधानं पाळी येत नाही, रक्तातही ते अगदी नाममात्र जातं. मलम नको असेल तर छोटी गोळी मिळते, तीही आतच ठेवायची. तुम्हाला सोपं पडेल ते घ्या."

कमलिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि सोवळ्यात?"

मला वाटलं, आता डॉक्टर हसतील. त्या हसल्या नाहीत. "तुमच्याकडे कुणी इन्सुलिन घेतं?"

"माझी आई घ्यायची."

"महालक्ष्म्यांचा स्वयंपाक करायच्या?"

"करायची. पण ती सुई दंडात असायची."

आता मात्र डॉक्टर हसल्या, आणि कमलिनीही. "ते तुम्ही आणि तुमच्या महालक्ष्म्या ठरवा," डॉक्टर म्हणाल्या. "मी एवढंच सांगते, बंद केलं तर त्रास परत येईल. आणि यावेळी तो देवीनं पाठवलाय असं समजू नका."

अच्युतरावांना सांगायचं तेव्हा तिनं मला बसवून घेतलं. "मी अडखळली तर तुम्ही शब्द पुरवा, ताई." मी आयुष्यात पुष्कळ जणांना विंगेतून वाक्यं पुरवलीत, पण त्या दिवशी तिला माझी गरज लागली नाही. तिनं जमिनीकडे बघत, पण सगळं सांगितलं. आग, रक्त, बंद केलेलं मलम, पुणं.

अच्युतराव खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. "म्हणजे तुला माझा राग आला नव्हता?"

"राग यायला तुम्ही बोलता कुठे घरात?"

"मी वर्षभर समजत होतो की मी तुला नकोसा झालोय."

"आणि मी समजत होती की मी कुणाच्या कामाची नाही राहिली."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायचं नाटक केलं. तिथूनही ऐकू येत होतं. अच्युतराव म्हणाले, "मग आता औषध सुरू झालं की..."

"की काय?"

"काही नाही."

"ते मी सांगेन तेव्हा," कमलिनी म्हणाली. "आधी मला धड बसता येऊ द्या, पोटभर पाणी पिता येऊ द्या. औषध माझ्यासाठी आहे. समजलं?"

"समजलं," ते म्हणाले.

पुण्याचं जाणं तिनं रद्द केलं नाही, नुसतं पुढे ढकललं. "गुण नाही आला तर जाईन," असं मला बजावलं होतं. गुण हळूहळू आला. ज्येष्ठाच्या अखेरीस ती एका लग्नात नवरीला नऊवारी नेसवून पूर्ण पंगतभर जेवायला बसली. त्यांच्या दोघांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. देवघराच्या खोलीत आता गव्हाचे डबे ठेवलेत एवढं दिसतं, त्यावरून ज्यानं त्यानं समजावं.

भाद्रपद आला तशी मला धाकधूक लागली. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम डोकावले. ती ज्वारीचं पीठ चाळत होती.

"चालू आहे ना?" मी हळूच विचारलं.

"चालू आहे." ती चाळणी झटकत म्हणाली. "पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं की मी सोवळी. पोटात रक्तदाबाची गोळी असते, दातात चांदी भरलेली असते, त्याचं कुठे काय होते? आणि त्या दोघीही बायकाच आहेत, ताई. त्यांना समजत नसेल?"

यंदा आशय आणि अबोली महालक्ष्म्यांसाठी पुण्याहून आले होते. जेवणाच्या दिवशी पंगत बसली. पुरण, सोळा भाज्या, कढी, आंबील. कमलिनी पोळ्यांवर तूप वाढत फिरत होती आणि आंबिलीचं पातेलं अच्युतरावांकडे होतं. अबोलीनं सासूचा हात धरला.

"आई, खोली अजून तशीच ठेवलीय मी. आमच्याबरोबर चलता ना?"

कमलिनीनं तिच्या पोळीवर तुपाची धार धरली. "तशीच राहू दे. दिवाळीनंतर येऊ आम्ही दोघं, पाहुणे म्हणून. चार दिवस तुमच्या हातचं खाऊ आणि परत येऊ."

अच्युतरावांनी ते ऐकलं. शेवटचं पान वाढून झालं होतं. तरी ते पातेलं घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून निघाले आणि आधीच भरलेल्या वाट्यांत आंबील ओतू लागले.