उटा म्हणजे उभं राहायचं

अव्वाचा फोन आला की मी गॅलरीत जाते. अव्वा म्हणजे माझी आई. घरात सासूबाई टीव्हीपुढं असतात, पोरगं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं, कुणाला माझ्या फोनशी काही देणंघेणं नसतं. तरी मी दार ओढून घेते आणि आवाज खाली आणते. अव्वाचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. “ऊटा आतेन?” जेवलीस का? ऊटा म्हणजे जेवण. कानडी आहे. मी कानडी आहे. एवढंसं वाक्य, पण ते लिहायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

माझं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडं, अगदी हद्दीवर. तिथं एसटीची पाटी मराठीत, शाळा मराठीत. आणि भांडण, लाड, देवापुढचं गाऱ्हाणं सगळं कानडीत. त्याचं तिथं कुणाला काही वाटत नाही. वाटायला लागलं ते मी डीएडला कोल्हापुरात आल्यावर. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, “तो बस गेला.” झालं! पोरी गादीवर लोळून हसल्या आणि माझं नाव यंडुगुंडू पडलं. त्या हसण्याचा मी असा धसका घेतला की वर्षाच्या आत त्यांच्यापेक्षा चढ्या आवाजात कोल्हापुरी बोलायला लागले. लग्न इथल्याच दूधदुभत्याच्या घरात झालं. नोकरी शहराच्या कडेला, उचगावच्या बाजूच्या शाळेत लागली. आज माझ्या तोंडाला शाळेचा शिपाईसुद्धा दबकून असतो. “व्हय की”, “न्हाय की” अशा ठसक्यात बोलते की कुणाला शंका येऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा शाळा उघडली आणि पहिलीच्या वर्गात एक पोरगी आली. बाप अथणीकडून येऊन इथं फाउंड्रीत लागलेला. आई तिला हाताला धरून स्टाफरूमच्या दारात उभी होती. आत आमचा चहा चालला होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, “पोरगीला मराठीचा शबूद येत न्हाय म्हणं. कानडी हायत. कुणाला येतंय का हो कानडी आपल्यात?”

मी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “आपल्याला कुठलं यायला! ते यंडुगुंडू!”

सगळे हसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दारातल्या बाईला मराठी जेमतेम येत असेल, पण तो शब्द तिनं आधी कुठंतरी ऐकला होता हे मला तिच्या चेहऱ्यावरनं कळलं. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि पदर सारखा केला. मी चहा संपवला.

पोरगी वर्गात बसायची ती तोंडाला कुलूप लावून. हाक मारली तर बघायची, विचारलं तर बघायची. मोठाले डोळे, दोन वेण्या, आणि मांडीवर कायम आपला जेवणाचा डबा. पहिलीचा वर्ग म्हणजे काय सांगू तुम्हाला! एकाचं नाक गळतंय, दुसरं पळतंय, तिसऱ्यानं चौथ्याचा खडू खाल्लाय. त्यात ही दगडासारखी. माझा स्वभाव आधीच तापट. “अगं ए, बोल की! का दातखीळ बसलीया?” असं मी कितीदा तरी खेकसले असेन. एकदोनदा वाटलं, मधल्या सुट्टीत हळूच कानडीत विचारावं. पण लहान पोरांच्या पोटात काही राहतं व्हय? लगेच घरोघरी गेलं असतं, बाई यंडुगुंडू बोलत्यात. म्हणून नाही विचारलं.

अशात समावेशक शिक्षणाचं प्रशिक्षण आलं. वर्गातलं एकही मूल बाजूला पडू नये, कुठल्याही कारणानं, याचं ते प्रशिक्षण. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, “मुलाच्या घरच्या भाषेचा आदर करा.” मी त्याचा फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला, खाली दोन हात जोडलेले. शेवटी मनोगत कोण करणार म्हणाले, तर सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी उभी राहिले आणि घरची भाषा म्हणजे मुलाची सावली की काय, असलं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याच टाळ्यांच्या जोरावर आदर्श पाठ माझ्या गळ्यात पडला. वरचे साहेब येऊन आमच्या शाळेत बघणार, आणि शिकवणार मी.

पाठाच्या दिवशी वर्ग सजवला. फळ्यावर रंगीत खडूनं नक्षी काढली, दाराला तोरण लावलं. पोरांना जागा ठरवून दिल्या. चुणचुणीत पुढं, बाकीची मागं. ती पोरगी खांबाच्या मागं. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं करायला. सगळ्यांना सामावून घ्यायच्या पाठाला मी एक पोर खांबामागं लपवलं, आणि लपवताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते आज आठवलं की तोंड कुठं लपवू असं होतं.

साहेब आले. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी, पदर खांद्यावर घेऊन. मी हावभावाचं गाणं घेणार होते. एरवी मी नुसती पट्टी आपटून पोरांना उभं करते, पण आज साहेबांपुढं टाळी वाजवली आणि खड्या आवाजात म्हणाले, “चला, सगळ्यांनी उटा!”

आता उठा हा शब्द पुस्तकात ठ घेऊन येतो. पण आमच्याकडं त्या ठला एवढा जोर कोण देतंय? आम्ही उटाच म्हणतो. सगळी पोरं धडाधड उभी राहिली. आणि खांबामागनं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती पोरगी खाली मांडी घालून बसली होती, डबा पुढं उघडा, जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तिनं घास मोडला, वर माझ्याकडं बघितलं आणि हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, अगदी लख्ख. त्या खोलीत ते कळणारी मी एकटी होते. तिला वाटलं, बाई शेवटी आपल्याशी बोलल्या. आपल्या भाषेत बोलल्या. जेव म्हणाल्या.

पोरांनी हसून वर्ग डोक्यावर घेतला. “बाई, बाई, हिनं डबा काढला!” मागं कुणीतरी मोठं माणूसही हसलं. मला हॉस्टेलची गादी आठवली. डोकं सणकलं, मी तरातरा गेले, तिच्या पुढ्यातला डबा उचलला आणि दंडाला धरून तिला उभी केली. “उटा म्हंजे उभं ऱ्हायचं! कळतंय का न्हाय?” घास तिच्या तोंडातच होता. तो तिनं चावला नाही की गिळला नाही.

साहेबांनी विचारलं, “काय प्रकार आहे, बाई?”

दोन शब्दांचं काम होतं. साहेब, कानडीत ऊटा म्हणजे जेवण. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? मोठ्या बाई समोरच बसल्या होत्या. मी म्हणाले, “जरा मंद आहे, सर. तपासणीला पाठवायचंच आहे.”

साहेब खूश झाले. म्हणाले, “छान. म्हणजे तुम्ही ओळखलंत. हेच तर अपेक्षित आहे आपल्याला.”

बोलाफुलाला गाठ पडली आणि सगळं तसंच पुढं सरकलं. तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवायचं ठरलं. तिथं मंद म्हणून शिक्का बसला की पोरगीला आमच्या शाळेतनं काढून वेगळ्या शाळेत घालायचं, असं मोठ्या बाई म्हणाल्या. पोरीची आई दुसऱ्या दिवशी धावत आली. “बाई, आमचा पोरगी हुशार हाय वो. घरी लई बोलतंय. भावाला गोष्ट सांगतंय. कुठं पाठवू नका वो, बाई.” तिचं ते तोडकंमोडकं मराठी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण अव्वा अशीच बोलते. मी तिला अस्सल मराठीत समजावलं की घाबरू नका, भल्यासाठीच आहे.

आणि मी पोरीला उटा शिकवलं. हे सांगायलाच पाहिजे. रोज सकाळी, तिच्यापुढं उभी राहून. “उटा!” की दंडाला धरून उभी करायची. “बस!” की खांदा दाबायचा. मला वाटायचं, निदान तपासणीला तेवढं तरी यावं तिला, म्हणजे आपलीही मान खाली जायला नको. पोरांना खेळच मिळाला. मधल्या सुट्टीत कुणीही मागनं ओरडायचं, “उटा!” आणि ती डबा सोडून ताडकन उभी राहायची. पोरं हसायची. मी व्हरांड्यातनं बघितलं आणि आत गेले.

तपासणीच्या दिवशी मी होते, मोठ्या बाई होत्या, पोरीची आई होती. तपासणाऱ्या बाई वयानं लहान, पण शांत. त्यांनी टेबलावर लाकडी ठोकळे मांडले, चित्रं मांडली. पोरगीनं ठोकळे बघता बघता जुळवले. नंतर त्या मराठीत विचारायला लागल्या आणि ही गप्प. नाव काय, गप्प. घरात कोण कोण आहे, गप्प. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हिच्या घरची भाषा बोलणारं कोणी आहे का?”

“हाय की, मी हाय!” आई पुढं झाली.

“तुम्ही नको, ताई. आईनं विचारलं की मूल आईच्या तोंडाकडं बघतं. दुसरं कुणी? नाहीतर मला आजच्यावरनंच ठरवावं लागेल. आणि आजच्यावरनं ठरवलं तर अवघड आहे.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “न्हाय हो, शाळेत कुणालाच येत न्हाय.”

पोरीची आई रडायला लागली. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडात धरून. मी तिच्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं.

“मला येतं,” मी म्हणाले.

मोठ्या बाई सर्रकन वळल्या. “काय? तुमास्नी? अवं, तुमीच म्हणालता नव्हं, येत न्हाय म्हणून!”

“माझी आई कानडीच बोलते. मी कानडीच आहे.”

पोरीच्या आईनं तोंडातनं पदर काढला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की एखादी शिवी बरी. तिला सगळं कळलं होतं, स्टाफरूमचा चहा, पोरीनं घरी सांगितलेला वर्गातला डबा, सगळं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते मी तिथं खुर्चीवर बसून भोगलं.

मी खुर्ची पोरीजवळ ओढली. काय विचारावं सुचेना. इतक्या वर्षांत कानडी फक्त गॅलरीत, फक्त अव्वाशी. मग जे पहिलं तोंडात आलं, जे अव्वा मला रोज विचारते, तेच विचारलं. जमेल तेवढ्या मायेनं विचारलं.

“ऊटा आतेन, बाळ?”

पोरगी ताडकन उभी राहिली. हात सरळ खाली, मान ताठ, डोळे माझ्यावर. शिकवलं होतं तसं.

तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “काय म्हणालात तुम्ही तिला?” मी सांगितलं, जेवलीस का म्हणाले. तो शब्द कानडीत काय, मराठीत काय, आणि आपण तिला तो कसा शिकवला, हेही सांगितलं. काही झाकलं नाही. त्यांनी समोरचा कागद पुढं ओढला.

“मंद कुठाय ही?” त्या म्हणाल्या. “शिकवलेलं बरोबर शिकलीय की. हिला कुठं पाठवायची गरज नाही.”

मोठ्या बाईंनी निःश्वास टाकला. आईनं हात जोडले, मला नाही, त्यांना. मग ती पोरीला म्हणाली, “कुंद्र.” म्हणजे बस. पोरगी बसली नाही. आईकडं तिनं वळूनही बघितलं नाही. मी वाकून लाडानं म्हणाले, “कुंद्र, पुट्टी, कुंद्र.” माझा आवाज फाटला होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आणखी ताठ झाली. तिच्या आईच्या भाषेत मी काय म्हणते, याचा तिला आता भरवसा उरला नव्हता.

शेवटी मी मराठीत म्हणाले, “बस.”

मग ती बसली.