दर वीस बायांमागं एक

साळूबाई चाळीस वर्षं मिरची विकते, आणि या चाळीस वर्षांत बाजाराच्या दिवशी तिनं पाणी प्यायलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी दौलताबादहून निघताना एक घोट, तोही गोळी गिळण्यापुरता. मग थेट संध्याकाळी घरी पोचली की तांब्या तोंडाला. लासूर स्टेशन असो, देवगाव रंगारी असो, नियम तोच.

कारण सांगायला पाहिजे का? पुरुष मंडळी भिंतीकडं तोंड करून मोकळी होतात. बाईनं कुठं जायचं? मग बाजारातल्या बायांनी आपली रीत काढली होती. चौघींनी उठायचं, जुनी साडी चार कोपऱ्यांनी ताणून धरायची, मधे पाचवीनं बसायचं, आणि तेवढा वेळ पाचही जणींची दुकानं सहावीच्या भरवशावर. ही सहावी बहुतेक वेळा शमीम खाला असायची. ती साळूबाईच्या शेजारी बांगड्या विकते. मिरचीचं गिऱ्हाईक आलं की खाला बसल्या जागेवरून ओरडायची, "ठैरो जी! मिरचीवाली मीटिंग में है!"

मागच्या वर्षी साळूबाईला मूतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. जमत नसेल तर बाजार सोडा."

"बाजार सोडून काय करू? याचं तोंड बघत बसू?"

'हा' म्हणजे तिचा नवरा अप्पाराव. बिचारा तिथंच पिशवी धरून उभा होता. तो म्हणाला, "व्हय डॉक्टर, त्यात बघण्यासारखं काय नाय."

"मग पाणी प्या," डॉक्टर म्हणाले.

"पिऊन जाऊ कुठं?"

याचं औषध डॉक्टरकडं नव्हतं. म्हणून ती माझ्याकडं आली.

मी सुलेखा. कोर्टाबाहेरच्या टपरीत मी अकरा वर्षं झेरॉक्स काढल्या, आणि मशीनखालून गेलेला एकही कागद न वाचता सोडला नाही. तेवढंच माझं कॉलेज. म्हणून कुणी मला "ताई, हे कायद्याचं आहे, तुम्हाला नाही कळायचं" म्हणालं की माझं डोकं सटकतं. साळूबाई मला नावानं हाक मारत नाही. "ए झेरॉक्स" म्हणते. दुसऱ्या कुणी म्हणून बघावं.

त्याच सुमाराला सरकारनं विधानसभेत एक विधेयक आणलं. आठवडी बाजारात बसणाऱ्या बायांसाठी सावली, पाणी, संडास वगैरे सोयी द्यायचं. साळूबाईच्या सुनेनं, तनुजानं, ते मोबाइलवर पाहिलं आणि सासूला सांगितलं. झालं! मी बाजारात पोचले तेव्हा मिरचीचा ढीग गुलालानं लाल झालेला, अप्पाराव फटाक्यांची माळ लावतोय, आणि साळूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडात पेढा कोंबतेय.

"कायदा आला गं झेरॉक्स!"

मी ओरडले, "मावशी, कायदा नाय आला! विधेयक नुसतं मांडलंय. सकाळी तुम्ही दुकान मांडता, म्हणजे सगळी मिरची विकली जाते का?"

ती गुलालातून माझ्याकडं बघत राहिली. "मग पेढे परत मागू?"

"आता कुठले पेढे!" सगळ्या बायांची तोंडं हलत होती.

मी तिला बसवून सगळा रस्ता सांगितला. आधी विधानसभा. तिथून समितीकडं जाऊ शकतं. परत विधानसभा. मग विधान परिषद. मग राज्यपालांची सही. मग राजपत्रात छापून येणार. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या लांबच्या वाटेत बाईला कुठं उतरायची सोय हाय का?"

मी विधेयकाची प्रत काढली आणि बाजारात बसून मोठ्यानं वाचली. सातव्या खंडापाशी माझं टाळकं फिरलं. लिहिलं होतं, 'महिला विक्रेत्यांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे असतील.' पुरेशी! असले शब्द मी झेरॉक्सच्या मशीनखाली हजारदा पाहिलेत. 'योग्य वेळी', 'शक्य तितक्या लवकर', 'पुरेशी'. बाबूला वाटलं तर अख्ख्या बाजारात एक पुरेसा, आणि त्यालाही कुलूप.

साळूबाई म्हणाली, "गिऱ्हाईक मला पुरेशी मिरची दे म्हणालं तर मी किती तोलू?"

मी म्हटलं, "मावशी, हेच वाक्य. हेच तुम्ही समितीपुढं बोलायचं."

कारण विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं होतं आणि समिती लोकांचं ऐकायला आमच्या शहरात, सुभेदारी विश्रामगृहावर येणार होती. आम्ही बायांनी बसून गणित केलं. आपल्या बाजारात साधारण ऐंशी बाया बसतात. चार संडास झाले तर रांग लागणार नाही. म्हणजे दर वीस बायांमागं एक. मी अर्ज लिहिला. काळीपिवळी जीपमधे दौलताबाद ते शहर मी साळूबाईकडून घोकून घेतलं.

"किती म्हणायचं?"

"वीस."

"परत?"

"वीस गं बाई. किल्ला मागं पडल्यापासून वीसच म्हणतेय. आता ड्रायव्हरपण म्हणंल."

"बीस," ड्रायव्हर म्हणाला.

समितीचे अध्यक्ष पिकल्या मिशांचे, जाड चष्म्याचे आमदार होते. दोन्ही बाजूंना सदस्य, पुढं पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात लिहून घेणारे अधिकारी. साळूबाई उभी राहिली. पुरेशा मिरचीचं वाक्य तिनं असं फेकलं की दोन सदस्य खुर्चीतच हलले. अध्यक्ष हसत म्हणाले, "मग आजी, आकडा तुम्हीच सांगा."

साळूबाईनं पदर सावरला. "दर पाच बायांमागं एक."

मी तिला मागून असा चिमटा काढला की माझंच नख दुखलं. पण अध्यक्षांनी मान डोलावली आणि अधिकाऱ्याकडं वळून म्हणाले, "दर पाच. लिहून घ्या."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. झालं की! अर्जात मागितलं त्याच्या चौपट पदरात. मी अर्ज गुंडाळायला लागले. साळूबाई मात्र जागची हलेना. तिचा चेहरा पडला होता.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला घ्यायचं नाय."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं बाजारात बसते. ज्याला माल घ्यायचाय तो घासाघीस करतो. मी ऐंशी सांगितले की तो चाळीस म्हणतो, मी शिव्या घालते, साठला सौदा होतो. अन् जो भाव न करता मान डोलावतो ना, तो 'येताना घेतो आजी' म्हणून जातो. तो कधी येत नाय. मी पाच म्हणाले ते तुम्ही पाडाल म्हणून. तुम्ही पाडलंच नाय. म्हंजे तुम्ही जाणार."

मला वाटलं, आता आम्हाला शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं तर मी त्याच्याशी कुठून भांडायला सुरुवात करू. इतक्यात अध्यक्षांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि बाह्या सारल्या.

"दर शंभर बायांमागं एक," ते म्हणाले.

साळूबाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"शंभर? शंभर बाया एका दारापुढं? साहेब, तुमच्या घरात किती माणसं अन् किती संडास?"

"ते सोडा. पंच्याहत्तर."

"सात."

"पन्नास. सरकारला परवडत नाही आजी."

"मलाबी खडा परवडत नाय. दहा."

"चाळीस."

"उठते मी!" ती उभीच होती, तरी म्हणाली. हातातल्या रिकाम्या पिशवीवर तिनं पदर टाकला. बाजारात भाव पटला नाही की ती मिरचीवर असंच फडकं टाकते. एक सदस्य खुर्चीवरून पुढं सरकून म्हणाले, "साहेब, द्या ना, तीस द्या!" दुसरे म्हणाले, "आजी, पंधरावर धरून राहा!" समिती फुटली की काय असं मला वाटलं.

"पंधरा," साळूबाई.

"पंचवीस. शेवटचं."

"वीस. हे माझं शेवटचं. तुमचं शेवटचं खोटं होतं, डोळ्यात दिसतंय."

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. "वीस. झालं?"

"झालं. वर काय?"

"वर?"

"भाजी घेतली की वर कोथिंबीर देत्यात. वर काय?"

अध्यक्ष विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "आजी, तुम्हीच सांगा."

"आतून कडी," साळूबाई म्हणाली. "संडास असतो तिथंबी दाराला आतून कडी नसते साहेब. एका हातानं दार धरायचं, एका हातानं लुगडं. बाईला काय चार हात हायेत?"

अध्यक्षांनी अधिकाऱ्याच्या हातून कागद घेतला, 'पाच' खोडलं आणि स्वतःच्या हातानं 'वीस' आणि 'आतून कडी' लिहिलं. बाहेर पडल्यावर मी साळूबाईवर भडकले. चालून आलेले पाच घालवले म्हणून. ती पायरीवर बसून चप्पल घालत म्हणाली, "पाच हवेतले होते गं. हे वीस खरे हायेत. त्याला घाम फुटला, बघितलं नाय का?"

आणि तिचं खरं ठरलं! समितीचा अहवाल आला. सातव्या खंडातलं 'पुरेशी' गेलं. छापील अक्षरांत होतं, 'प्रत्येक वीस महिला विक्रेत्यांमागे किमान एक, आतून कडी असलेले.' मी ती ओळ चार वेळा वाचली, मग शंभर झेरॉक्स काढल्या आणि गाठता येतील त्या बाजारांत वाटल्या.

विधेयक विधानसभेत मंजुरीला आलं तो आमच्या बाजाराचाच दिवस होता. कुठला बाजार ते सांगत नाही, का ते पुढं कळेल. तनुजानं मोबाइल मिरचीच्या पाटीला टेकवून उभा केला. पंधरा-वीस बाया दाटीवाटीनं बसल्या. दुपारी विधानसभेच्या अध्यक्षांच्या खुर्चीतून आवाज आला, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

सभागृहात कुणी किती जोरात म्हटलं देव जाणे, आमच्या बाजारात जे "होऽऽय" झालं त्यानं तीन शेळ्या दावी तोडून पळाल्या.

"होयचे बहुमत. विधेयक संमत झाले."

"झालं?" साळूबाईनं मला विचारलं. "एवढ्यात? भाव नाय केला कुणी?"

"तो तुम्ही आधीच केला होता मावशी."

तिनं अप्पारावाकडून पाण्याची बाटली घेतली, एक लिटरची. झाकण काढलं आणि तोंडाला लावली. मी म्हटलं, "मावशी थांबा, अजून विधान परिषद आहे, सही आहे..." शमीम खालानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "पीने दे उसको. पी साळू, पी! आज सरकार अपनी है!" बाया घोट मोजायला लागल्या. बाटली संपली तेव्हा टाळ्या पडल्या. एका गिऱ्हाइकानं घाबरून विचारलं, "यांनी काय प्यायलं?"

पाऊण तासानं साळूबाई उठली. दोघीतिघी साडी घेऊन उठल्या तशी तिनं हातानं थांबवलं. "आडोसा नाय. आज दार."

बाजाराच्या ऑफिसमागं एक संडास होता. साहेबलोकांचा, कायम कुलूपबंद. किल्ली बाबूच्या खिशात. त्याची नोकरी जायला नको, म्हणून खरं नाव लपवून त्याला बद्रीनाथ म्हणू. साळूबाई पुढं, मी मागं, आमच्या मागं अख्खी रांग. बद्रीनाथनं मोबाइलवरचं 'होय' शांतपणे पाहिलं आणि बोटांवर मोजायला लागला. "फक्त विधानसभेत झालंय. विधान परिषद बाकी. राज्यपाल बाकी. राजपत्र बाकी. कायदा लागू नाही."

मेला बरोबर बोलत होता. सगळा रस्ता त्याला पाठ. आयुष्यात पहिल्यांदा मला कायद्यानं गप्प केलं. रागानं माझे कान तापले.

साळूबाई म्हणाली, "कायदा नसू दे. आपण सौदा करू. किल्ली किती दिवस देता?"

"पाच मिनिटं."

"पाच वर्षं."

"मावशी, चेष्टा करू नका. आजच्या दिवस."

"एक वर्ष. अन् लवकर बोल बद्रीनाथ, मी लिटरभर प्यालेय. इथंच उभी हाय अन् हे तुझं टेबल हाय."

मागून खाला ओरडली, "जल्दी कर रे, बाढ आयेगी!" रांगेतल्या बाया पोट धरून हसायला लागल्या. बद्रीनाथनं टेबलावरचे कागद घाईनं उचलून छातीशी धरले.

"कायदा येईपर्यंत," तो म्हणाला. "फक्त बाजाराच्या दिवशी. किल्ली तुमच्याकडं."

"पटलं. वर काय?"

"वर आता काय देऊ!"

"साबण."

त्यानं ड्रॉवर उघडला आणि स्वतःचा, अर्धा झिजलेला साबण दिला. साळूबाईनं किल्ली घेतली. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून शमीम खाला बाहेरून दार धरून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "मीटिंग चालू है, दरवाजे वाली!"

आज हे लिहितेय तेव्हा विधेयक विधान परिषदेत आहे. या अधिवेशनात येईल म्हणतात. किल्ली साळूबाईच्या तराजूच्या दांडीला लोंबते, मिरची तोलताना खळखळ वाजते. गिऱ्हाईक म्हणतं, "आजी, हिचं वजन धरू नका." ती रोज तीन लिटर पाणी पिते. डॉक्टरांनी परत फोटो काढला, खडा निघून गेला होता. दाराला कडी बद्रीनाथनंच बसवली, कारण खाला दार धरून उभी राहिली की मोठ्यानं गाणी म्हणायची आणि त्याला ऑफिसात काम सुचत नव्हतं.

परवा मी मावशीला सांगितलं की वरच्या सभागृहात कुणी दुरुस्ती सुचवली तर आकडा बदलू शकतो. मिरची निवडता निवडता तिनं मान वर केली.

"बदलू दे की. पण मला बोलवा म्हणावं. एकोणिसावर येत असतील तर वरची कोथिंबीर मी मागणार नाय."